ऑफर १६ लाखांची, नोटीस ९० दिवसांची: घाई कुणाची आणि पैसे कुणाचे?

आधी प्रश्न थोडक्यात. हिंजवडीतल्या सर्व्हिस कंपनीत साडेचार वर्षं झाली, जावा बॅकएंडचं काम, पॅकेज ९ लाख. खराडीतल्या एका प्रॉडक्ट कंपनीनं १६ लाखांची ऑफर दिली आहे, पण ४५ दिवसांत जॉइन व्हा म्हणतात. सध्याच्या कंपनीत नोटीस ९० दिवसांची. मागच्या वर्षी कंपनीच्या खर्चानं क्लाउड सर्टिफिकेशन केलं तेव्हा १८ महिन्यांचा, १ लाखाचा बाँड सही केला. मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचे, असा तो करार. त्यातले १३ महिने झालेत. मॅनेजरला कुणकुण लागली आहे आणि तो म्हणतो, "क्लायंट सोडणार नाही, मीही सोडणार नाही, किती हवेत ते सांग." रिक्रूटर म्हणतो, शुक्रवारपर्यंत पेपर टाका, म्हणजे राजीनामा द्या. टाकायचे का?

शुक्रवारी टाकू नका. आणि ४५ दिवसांत सुटायची धडपडही करू नका. तुमच्या आकड्यांवर पूर्ण ९० दिवस काढणं सगळ्यात स्वस्त पडतं. जोर लावायचाच असेल तर जुन्या कंपनीवर लावू नका, नव्या कंपनीची जॉइनिंगची तारीख पुढे ढकलून घ्या. असं का, ते हिशेबानंच पाहू.

तुमचा बेसिक (मूळ वेतन) महिना ३३,००० आणि ग्रॉस (कपातीआधीचा पूर्ण पगार) ६६,००० आहे असं धरतो. ९ लाखांच्या पॅकेजमध्ये साधारण एवढंच निघतं. स्लिप काढून स्वतःचे आकडे घाला. ४५ दिवसांवर बाहेर पडलात तर उरलेल्या ४५ दिवसांचं बायआउट, म्हणजे न काढलेल्या नोटीसचे पैसे, द्यावं लागेल. करारात वसुली बेसिकवर लिहिली असेल तर ४९,५०० रुपये, ग्रॉसवर लिहिली असेल तर ९९,०००. नियुक्तिपत्रातलं ते एक वाक्य आजच शोधा, कारण बहुतेकांना ते एफ अँड एफच्या (सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या) कागदावरच पहिल्यांदा दिसतं.

दुसरा आणि मोठा आकडा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सलग सेवेनंतर नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेचा. पाच वर्षांची अट सगळ्यांना माहीत असते, पण ती मोजायची कशी हे फार थोड्यांना. सेवा राजीनाम्याच्या तारखेपर्यंत मोजत नाहीत, शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मोजतात. म्हणजे नोटीसचे तीन महिने धरून तुमची ४ वर्षं ९ महिने होतात. जुन्या ग्रॅच्युइटी कायद्यात 'सलग सेवे'ची व्याख्या होती, तीच आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. तिच्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष सलग सेवेचं धरलं जातं. मद्रास उच्च न्यायालयानं मेत्तूर बियर्डसेलच्या प्रकरणात याच आधारावर पाचवं वर्ष पूर्ण धरलं. त्याच कलमात आणखी एक ओळ आहे आणि आयटीवाल्यांना तीच लागू पडते: आस्थापना आठवड्यात सहापेक्षा कमी दिवस चालत असेल तर २४० नाही, १९० दिवस. तुम्ही ९० दिवस काढलेत तर पाचव्या वर्षात नुसते सोमवार ते शुक्रवार मोजले तरी १९५च्या आसपास दिवस भरतात. ४५व्या दिवशी गेलात तर १६०च्या पुढेमागे अडकता.

सूत्र असं: शेवटचा बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून पाच वर्षं. तुमचे होतात ९५,१९२ रुपये. इथे एक सावधगिरी. सगळ्या कंपन्या हा अर्थ मान्य करत नाहीत. काही जण पाच वर्षं म्हणजे पाचच, असं धरून बसतात. कंपनीच्या पोर्टलवर ग्रॅच्युइटीची पॉलिसी असते, ती राजीनाम्याचा विषय न काढता वाचता येते. तिथे स्पष्ट नसेल तर पेपर टाकल्यानंतर पेरोलला लेखी विचारा. १९० दिवस मोजताना बिनपगारी रजा वगळल्या जातात, भरपगारी रजा धरल्या जातात. त्यामुळे नोटीसमध्ये बिनपगारी रजा टाकू नका. पाच दिवस कमी पडून ९५ हजार गेले तर कुणाला दोष देणार?

तिसरा आकडा बाँडचा. वसुली प्रमाणात असेल, म्हणजे उरलेल्या महिन्यांपुरतीच, तर ९० दिवस काढल्यावर १८ पैकी २ महिने उरतात आणि ११,१११ रुपये लागतात. ४५ दिवसांत गेलात तर साडेतीन महिने उरतात, १९,४४४ लागतात. बाँडमध्ये प्रमाणाचा उल्लेखच नसेल तर कंपनी पूर्ण १ लाख मागेल, त्याबद्दल पुढे.

आता बेरीज. ४५ दिवस आधी सुटण्याची किंमत: बायआउट ४९,५००, हातची जाणारी ग्रॅच्युइटी ९५,१९२ आणि बाँडमधला फरक ८,३३३, म्हणजे १ लाख ५३ हजार. बायआउट ग्रॉसवर असेल तर दोन लाखांच्या वर. आणि ४५ दिवस थांबण्याची किंमत? दोन पगारांतला दीड महिन्याचा फरक, म्हणजे साधारण ५२ हजार. बायआउट आम्ही देऊ, असं नवी कंपनी म्हणाली तरी ग्रॅच्युइटी कुणी भरून देत नाही. शिवाय बायआउटची परतफेड पगारात मिळवून येते, तिच्यावर कर लागू शकतो.

हा ५२ हजारांचा आकडा कुठून आला हे कळायला १६ लाखांचं पॅकेज उघडून बघावं लागेल. ऑफर लेटरसोबत ब्रेकअप (पॅकेजमधल्या रकमांची फोड) आलं नसेल तर ते येईपर्यंत पुढचं काहीच करायचं नाही. नेहमीचं ब्रेकअप साधारण असं दिसतं: व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारी रक्कम) १० टक्के म्हणजे १,६०,०००. जॉइनिंग बोनस १,००,०००, जो पॅकेजमध्येच मोजलेला असतो आणि दुसऱ्या वर्षी नसतो. विम्याचा हप्ता २०,०००. बेसिक महिना ५५,००० असेल तर कंपनीचा पीएफ वर्षाला ७९,२०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे ३१,७४६. हे सगळं वजा केलं की उरतात १२,०९,०५४, महिना १,००,७५४. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ६,६०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ९३,९५४. आज तुमच्या हातात ६१,८४० येत असणार. पॅकेज वाढलं ७८ टक्क्यांनी, पण दर महिन्याला खात्यात पडणारी रक्कम वाढली ५२ टक्क्यांनी. वाढ चांगलीच आहे, पण १६ भागिले १२ करून १ लाख ३३ हजारांवर घराचा हप्ता ठरवणारे लोक याच दरीत पडतात.

कराचंही बघा. नव्या करप्रणालीत २०२५-२६च्या दरांनी पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर शून्य आहे, त्यामुळे नुसत्या फिक्स्ड पगारावर कर लागत नाही. त्याच वर्षात पूर्ण व्हेरिएबल आणि जॉइनिंग बोनस आला की मात्र साडेब्याण्णव हजारांच्या आसपास कर बसतो. वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलणाऱ्यांचं आणखी एक चुकतं. आधीच्या कंपनीतलं उत्पन्न नव्या पेरोलला कळवत नाहीत. मग दोन्ही कंपन्या ७५,०००ची प्रमाणित वजावट आणि खालचे स्लॅब दोनदा धरतात, टीडीएस कमी कापला जातो आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना व्याजासकट पैसे भरावे लागतात. तुमचं पहिल्या वर्षाचं एकत्रित उत्पन्न कदाचित मर्यादेतच राहील, पण तपशील कळवा जरूर.

ऑफर लेटरमध्ये आणखी दोन गोष्टी बघा. एक, जॉइनिंग बोनसची परतफेड. 'एका वर्षाच्या आत सोडल्यास पूर्ण परत' असं असतंच. ते 'उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात' असं करून मागा. बरेचदा करून मिळतं, कारण रिक्रूटरच्या खिशातून काहीच जात नाही. हेही विचारा, की परतफेड ग्रॉस रकमेची का हातात मिळालेल्या रकमेची. कर कापून हातात कमी आले आणि परत मागताना पूर्ण लाख मागितले, असं होतं. दोन, नव्या कंपनीतला नोटीस पीरियड आणि प्रोबेशनमधला नोटीस पीरियड. तिथेही ९० दिवस असतील तर पुढच्या वेळी हेच कोडं पुन्हा सोडवायचं आहे. लेटर ऑफ इंटेंट (नुसतं इरादापत्र), फोनवरचं 'कन्फर्म आहे', व्हॉट्सॲपवरचा आकडा यांतल्या कशावरही राजीनामा द्यायचा नाही. सही-शिक्क्याचं किंवा डिजिटल सहीचं पत्र, ब्रेकअप, जॉइनिंगची तारीख आणि ठिकाण. वर्क फ्रॉम होम तोंडी कबूल केलं असेल तर तेही पत्रात हवं.

तारीख पुढे ढकलून घ्यायची कशी? रिक्रूटरशी वाद घालू नका. त्याचं गणित त्याच्या तिमाहीचं असतं आणि ४५ दिवस हे बहुधा त्याच्या टेम्प्लेटमध्ये असतात. ज्यानं तुमची शेवटची तांत्रिक मुलाखत घेतली आणि ज्याच्या टीममध्ये तुम्ही जाणार, त्याच्याशी १५ मिनिटांचा कॉल मागा. त्याला जागा भरायची आहे, आणि 'दुसरा उमेदवार शोधायला किती दिवस लागतील' हे त्याला रिक्रूटरपेक्षा चांगलं माहीत असतं. पुन्हा स्क्रीनिंग, तीन फेऱ्या, ऑफर, आणि मग त्या उमेदवाराचेही बहुधा ६० किंवा ९० दिवसच. त्याच्याशी सरळ बोला: "माझी नोटीस ९० दिवसांची आहे. राजीनाम्यानंतर आठवड्याभरात सिस्टीमनं दिलेली शेवटची तारीख लेखी पाठवतो. लवकर सुटलो तर लवकर येईन, पण पत्रात ९० दिवसांनंतरची तारीख घाला." हे बऱ्याचदा चालतं. नाहीच चाललं, तर बायआउटची परतफेड पत्रात लिहून घ्या आणि ग्रॅच्युइटीच्या नुकसानीइतका जॉइनिंग बोनस वाढवून मागा. त्यालाही नाही म्हणाले आणि जागा गेली, तर जाऊ द्या. ९ लाखांवरून १६ लाखांची ऑफर मिळवणाऱ्या माणसाला पुढची मिळते; आणि साडेतीन-चार महिन्यांनी तुमची पाच वर्षंही जवळ आलेली असतील.

नोटीस खोटी सांगणं मात्र टाळा. नोकरीच्या पोर्टलवर '३० दिवस किंवा कमी' असं टाकलं की फोन जास्त येतात, म्हणून अनेक जण टाकतात. मग ऑफरनंतर खरं सांगावं लागतं आणि तिथून पुढचं सगळं बोलणं संशयानं सुरू होतं.

पेपर टाकण्याच्या आधीच्या दोन दिवसांत शांतपणे कागद गोळा करा. पोर्टलवरून नियुक्तिपत्र, सगळी इन्क्रिमेंट लेटर्स, निदान वर्षभराच्या पेस्लिप, दर वर्षीचा फॉर्म १६, बाँडची प्रत, रजेची शिल्लक दाखवणारं पान. राजीनामा दिल्यावर काही कंपन्यांत पोर्टलचे काही भाग बंद होतात. फक्त स्वतःचे कागद घ्या. कोड, डिझाइनचे दस्तऐवज, क्लायंटचे मेल यांतलं काहीही स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. नोटीसवरच्या माणसाच्या मेलवर सिक्युरिटीवाल्यांचं जास्त लक्ष असतं आणि एका झिप फाइलपायी रिलीव्हिंग (कंपनीनं तुम्हाला कामातून मोकळं करणं) अडकू शकतं. पोर्टलवर वैयक्तिक ईमेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर आहे ना, तेही बघा. कंपनीच्या सिमवरचा नंबर आधार किंवा यूएएनला (पीएफच्या कायमच्या क्रमांकाला) जोडलेला असेल तर आताच बदला. सिम परत केल्यावर ओटीपी यायचा कुठे?

व्हेरिएबल किंवा बोनस कधी मिळतो तेही याच वेळी तपासा. 'पैसे देण्याच्या तारखेला कर्मचारी कंपनीत असावा आणि नोटीसवर नसावा' असं वाक्य पॉलिसीत सर्रास असतं. व्हेरिएबल महिन्याअखेरीच्या पगारात येणार असेल आणि तुम्ही २० तारखेला पेपर टाकलेत, तर वर्षभराची रक्कम दहा दिवसांसाठी गेली. ती खात्यात पडू द्या, मग टाका.

राजीनामा पोर्टलवर आणि मेलवर, दोन्हीकडे द्या. मेल तीन-चार ओळींचा पुरे: आजच्या तारखेपासून राजीनामा देत आहे, नियुक्तिपत्रातल्या नोटीसच्या कलमानुसार शेवटचा कामाचा दिवस अमुक तारीख, काम हस्तांतरित करायला पूर्ण सहकार्य करीन. मॅनेजर आणि एचआर दोघांना, आणि स्वतःच्या वैयक्तिक मेलला बीसीसी (मजकुरात कंपनीचं काही गुपित नसतं, म्हणून चालतं). कारण लिहू नका. कुठे जाताय ते सांगायची सक्ती नाही. टीमबद्दलची नाराजी, अप्रेझलचा राग, यांतलं एक वाक्यही त्यात नको. तो मेल तुमच्या फाइलमध्ये कायम राहतो.

आता मॅनेजरचं 'सोडणार नाही'. राजीनामा नाकारून तो तुम्हाला कामावर ठेवू शकत नाही. वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट सहसा जबरदस्तीनं पाळायला लावत नाही. कंपनी फार तर करारातले पैसे मागू शकते. तुमच्याबाबतीत तर वादच नाही, कारण तुम्ही पूर्ण नोटीस काढणार आहात. तरी तो असं का म्हणतो हे समजून घेतलं तर बोलणं सोपं होतं. तुम्ही बिलेबल आहात, म्हणजे तुमच्या कामाचे पैसे क्लायंट देतो. तुमच्या जागी माणूस नाही मिळाला तर त्या महिन्याचं बिलिंग बुडतं आणि तो आकडा त्याच्या नावावर दिसतो. बेंचवरचा (सध्या प्रोजेक्ट नसलेला) माणूस मागायचा, क्लायंटनं त्याची मुलाखत घ्यायची, मग दोन ते चार आठवडे त्यानं तुमच्यासोबत बसायचं, आणि या काळात क्लायंट बहुधा एकाचेच पैसे देतो. म्हणजे त्याला भीती तारखेची आहे. पहिल्या दिवशीच केटीचा (काम दुसऱ्याला शिकवून सोपवण्याचा) आराखडा हातात द्या, निम्मा आरडाओरडा थांबतो.

आराखडा म्हणजे एक शीट. डावीकडे तुमच्याकडचं प्रत्येक मॉड्यूल, बॅच जॉब, शेड्युलर, प्रॉडक्शन सपोर्टची पाळी, आणि फक्त तुमच्याच नावावर असलेले ॲक्सेस. उजवीकडे कुणाला द्यायचं, कोणत्या आठवड्यात, आणि सही कोण करणार. पहिले दोन आठवडे लिखाण: डिप्लॉयमेंटच्या पायऱ्या, रात्री कोणता जॉब पडतो आणि तो पुन्हा कसा चालवायचा, कोणत्या एररकडे दुर्लक्ष करायचं आणि कोणत्या एररला माणूस उठवायचा. मधले चार आठवडे समोरच्याला शिकवायचं. त्यानंतर उलटी केटी: नव्या माणसानं तुम्हाला समजावून सांगायचं, एक रिलीज स्वतः करायचं, तुम्ही फक्त बघायचं. दर शुक्रवारी लीडला मेल: 'या आठवड्यात अमुक तीन गोष्टी पूर्ण, कृपया पुष्टी करा.' उत्तर आलं नाही तरी मेल असतो. हा मेल वाचवतो, कारण शेवटच्या आठवड्यात हमखास येणारी तक्रार असते 'केटी अपूर्ण आहे, तारीख वाढवा'. जागी माणूसच दिला नसेल तर सातव्या आठवड्यात लेखी विचारा: 'केटी कुणाला द्यायची? तोपर्यंत रेकॉर्डिंग आणि दस्तऐवज अमुक फोल्डरमध्ये ठेवत आहे.'

'किती हवेत ते सांग' याचं उत्तर आधीच ठरवून जा. काउंटर ऑफर, म्हणजे थांबवण्यासाठी जुन्या कंपनीनं देऊ केलेला वाढीव पगार, घ्यायला माझा विरोध तत्त्वाचा नाही, व्यवहाराचा आहे. सर्व्हिस कंपनीत तुमच्या ग्रेडला पगाराची एक चौकट असते. ९चे १६ करायला ती मोडावी लागते, आणि मोडली तर पुढची दोन अप्रेझल कोरडी जातात. काम तेच, क्लायंट तोच. शिवाय मॅनेजर ज्याला 'मी बघतो' म्हणतो ते बहुधा तोंडीच असतं आणि तोपर्यंत तुमची दुसरी ऑफर थंड होते. घ्यायचीच असेल तर एक अट: सुधारित पगाराचं पत्र, तारखेसह, राजीनामा मागे घेण्याच्या आधी हातात.

नोटीसमध्ये दुसऱ्या कंपन्यांचे फोन येत राहतील, १६ची ऑफर दाखवून १९ मिळवा म्हणतील. एखादी खरोखर चांगली जागा आली तर बघा, त्यात काही पाप नाही. पण पहिल्या कंपनीला नकार द्यायचा तर जॉइनिंगच्या निदान दोन-तीन आठवडे आधी, फोन करून. आदल्या दिवशी फोन बंद करणारे उमेदवार रिक्रूटर विसरत नाहीत, आणि पुण्यात बाणेर, हिंजवडी, खराडी मिळून रिक्रूटरचं जग छोटं आहे.

बाँडकडे वळू. करार कायद्याचं कलम २७ नोकरी सोडल्यानंतरच्या 'स्पर्धक कंपनीत जायचं नाही' अशा अटींना सहसा जुमानत नाही. पण प्रशिक्षणाचा बाँड वेगळा. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५मध्ये विजया बँकेच्या खटल्यात किमान सेवेची अट आणि २ लाखांची वसुली योग्य ठरवली. तेव्हा 'बाँड कोर्टात टिकत नाही' हा कँटीनमधला सल्ला सोडा. मात्र कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, बाँडवरचा आकडा ही कमाल मर्यादा. म्हणून लेखी मागणी करा: प्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे परीक्षा फी आणि कोर्सच्या बिलाचा तपशील द्या, आणि झालेले १६ महिने वजा करून उरलेल्या दोन महिन्यांच्या प्रमाणात रक्कम धरा. आकडा ११ हजारांच्या आसपास असेल तर भरा आणि मोकळे व्हा. मूळ मार्कशीट कंपनीकडे असतील तर त्या राजीनाम्याच्या आधी काही कारण काढून परत घ्या.

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन नोटीसच्या काळातच सुरू होतं. मराठी मुलामुलींचं इथे हमखास अडकतं ते नावात. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. पॅनवर मधलं नाव नाही. लग्नानंतर बदललेलं नाव बँकेत एक आणि यूएएनवर दुसरं. यूएएन आणि आधारवरचं नाव आत्ताच जुळवा. ईपीएफओकडे (पीएफ संघटनेकडे) दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लरेशन द्यावं लागतं आणि त्यात कंपनीची संमती लागली तर नोकरीत असताना मिळवणं सोपं. रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा रेझ्युमेवर अचूक लिहा, महिन्यानंसुद्धा ओढू नका. ईपीएफओच्या सर्व्हिस हिस्टरीत तारखा दिसतात आणि तपासणाऱ्या एजन्सी तीच मागतात. एकाच महिन्यात दोन कंपन्यांचा पीएफ जमा झालेला दिसला की प्रश्न येतोच. २०२२मध्ये विप्रोनं प्रतिस्पर्ध्यांसाठी काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढल्याचं अध्यक्ष रिशद प्रेमजींनी जाहीर सांगितलं, तेव्हापासून हा तपास कडक झाला आहे. जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस संपल्याशिवाय नव्या कंपनीत रुजू होऊ नका, एका दिवसाचीही गाठ नको.

आई-वडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये असतील तर ते कव्हर बहुधा शेवटच्या दिवशी संपतं. नव्या कंपनीत आई-वडिलांचा विमा असेलच असं नाही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ धरला जातो, पण अर्ज कव्हर संपण्याच्या आधी करावा लागतो. दीड महिना हातात ठेवून एचआरकडून विमा कंपनीचा संपर्क घ्या. मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण घरात असतील तर हे काम पगाराच्या वाटाघाटीइतकंच महत्त्वाचं.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप देताना सीरियल नंबर, चार्जर, ॲक्सेस कार्ड यांची पोच मेलवर घ्या. कुरिअरनं पाठवत असाल तर पॅक करण्याआधी फोटो. रिलीव्हिंग लेटर आणि एक्स्पिरियन्स लेटर कधी एकच असतं, कधी वेगळी. नव्या कंपनीला कोणतं लागतं ते आधी विचारा. एफ अँड एफमध्ये रजेचे पैसे, बायआउट, बाँड, ग्रॅच्युइटी या ओळी नीट तपासा. नोटीस वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला तर हरकत घ्या; अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही असं ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात केंद्रानं स्पष्ट केलं आहे. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या आहेत आणि वेतनसंहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. अनेक पेरोल अजून ३० ते ४५ दिवसांच्या जुन्या सवयीवर चालतात. ग्रॅच्युइटीला ३० दिवस. उशीर झाला तर आधी एचआरला तारीख घालून मेल, मग त्यांच्या वरिष्ठांना, मग कामगार विभागाकडे लेखी तक्रार. पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटनाही अशा तक्रारी हाताळते.

नव्या कंपनीत पहिल्या आठवड्यात पीएफचा फॉर्म भरताना जुना यूएएनच द्या, नवा काढू देऊ नका. पेन्शन योजनेच्या रकान्याकडे नीट बघा. पहिली नोकरी १ सप्टेंबर २०१४नंतरची आणि तेव्हाच बेसिक १५,०००च्या वर असेल, तर तुम्ही पेन्शन योजनेचे सदस्य नाही. तिथे चुकून 'हो' लिहिलं की कंपनीच्या वाट्यातले महिना १,२५० रुपये पेन्शन खात्यात जातात आणि पुढे पीएफ हलवताना दावा परत येतो. पहिल्या नोकरीच्या पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य आहे का, हे बघितलं की काय लिहायचं ते कळतं. जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख ईपीएफओवर टाकली नसेल तर शेवटच्या जमा रकमेनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर स्वतः टाकता येते. त्यानंतर ट्रान्सफरचा अर्ज करा. पैसे काढू नका. पाच वर्षं सलग पूर्ण व्हायच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागतो आणि तुमची पाच वर्षं तीन महिन्यांवर आलेली आहेत.